मूठभर मांसाचं सूप

अमेरिकेत 'इटालियन सॉसेज' हे नाव लावून काही विकायचं असेल, तर त्यात काय असलं पाहिजे हे सरकारी नियमानं ठरलेलं आहे. मांस चरबी धरून किमान ८५ टक्के, त्यात चरबी ३५ टक्क्यांच्या आत, मीठ, मिरी आणि बडीशेप किंवा तिच्यासारख्याच वासाची अ‍ॅनिस. लसूण, पॅप्रिका, मिरची हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं आहे. बडीशेपेला किंवा अ‍ॅनिसला मात्र सुट्टी नाही. आपल्याकडे जेवण झाल्यावर तळहातावर येणारी बडीशेप तिथं मांसात मिसळली जाते आणि त्या सॉसेजची ओळखच होऊन बसते.

या प्रकरणातलं सूप त्या सॉसेजपासून सुरू होतं. सॉसेज, बारीक चिरलेला कांदा आणि गाजर, टोमॅटो, शिजवलेलं एखादं कडधान्य, छोट्या आकाराचा पास्ता आणि शेवटी मूठभर हिरवा पाला. एक मोठा वाडगा खाल्ला की पुन्हा ताटावर बसायची गरज पडत नाही. पण या सुपातली सर्वांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. पाच माणसांच्या सुपाला सॉसेज लागतं तीनशे ग्रॅम, म्हणजे माणशी साठ ग्रॅम. एवढ्याशा मांसानं आपल्या मटणाच्या रश्श्याचं काही होणार नाही. हे सूप मात्र पहिल्या चमच्यापासून तळापर्यंत मांसाचं लागतं. सॉसेज इथं मसाल्याच्या जागी उभं आहे, आणि त्याला मसाल्यासारखंच वागवलं तर ते आपलं काम चोख करतं. कुठली वस्तू कधी पडते आणि ती पडण्याआधी भांड्यात काय घडून गेलेलं असतं, यावर सगळं सूप अवलंबून आहे.

ही काटकसर गरजेतून आलेली आहे. दक्षिण इटलीतल्या शेतमजुरांच्या घरी मांस रोजचं नव्हतं. डुक्कर हिवाळ्यात कापायचं आणि त्याचा कणन् कण पुढं पुरवायचा, ही रीत. सॉसेज हा त्या पुरवण्याचाच एक मार्ग आणि तो फार जुना. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन पंडित वारो लिहितो, की सैनिकांनी हा प्रकार लुकानी लोकांकडून घेतला आणि त्यांच्याच नावानं तो ओळखला जाऊ लागला. त्या लुकानियाला आज बासिलिकाता म्हणतात. इटलीच्या उत्तर भागात आजही 'लुगानेगा' नावाचं सॉसेज मिळतं.

१८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसं अमेरिकेत गेली. त्यांतली बहुतेक दक्षिणेकडची आणि सिसिलीची. गावी सणासुदीला दिसणारं मांस नव्या शहरातल्या खाटकाकडे मजुरीच्या पैशात परवडू लागलं आणि कडधान्य-पास्त्याच्या जुन्या सुपात सॉसेज येऊन पडलं. आज जगभर ज्याला इटालियन सॉसेज सूप म्हणतात, ते खरं तर या स्थलांतरित घरांचं आहे. सॉसेज आलं, पण पुरवून खायची सवय गेली नाही. म्हणून त्याचं प्रमाण बेताचंच राहिलं, आणि माझ्या मते हेच या सुपाचं भाग्य. सॉसेज दुप्पट घातलं तर सूप चविष्ट होत नाही, नुसतं तेलकट होतं.

आता सॉसेजचं काय करायचं ते आधी पाहू, कारण आपल्याकडे गाडी इथंच अडते. पुण्या-मुंबईच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चिकन सॉसेज म्हणून जे पाकीट मिळतं, ते या सुपाचं सॉसेज नाही. त्यात मांस, चरबी, पाणी आणि पुष्कळदा स्टार्च किंवा सोया यांचं गंधासारखं गुळगुळीत वाटण करून ते नळीत भरतात आणि कारखान्यातच शिजवतात. चरबी त्या वाटणात पक्की अडकलेली असते, त्यामुळे भांड्यात ती सुटत नाही आणि सुपाला काही देत नाही. चकत्या करून घातल्या तर सुपात चकत्या तरंगतात, इतकंच. इटालियन सॉसेज कच्चं असतं. जाडसर खिमा, मीठ आणि मसाला, बस्स. या सुपासाठी तर ते आतड्यात भरायचीही गरज नाही. ज्यांच्याकडे भरलेलं मिळतं तेही वरचं आवरण चिरून आतला खिमाच काढून घेतात.

तेव्हा खिमा घरीच मुरवावा. तीनशे ग्रॅम जाडसर खिम्याला एक सपाट चमचा मीठ (साधारण पाच ग्रॅम), दीड चमचा बडीशेप, अर्धा चमचा भरडलेली मिरी, ठेचलेल्या तीन-चार लसूणपाकळ्या, एक चमचा काश्मिरी मिरचीची पूड, चमचाभर व्हिनेगर आणि दोन मोठे चमचे बर्फाचं थंड पाणी. बडीशेप आधी कोरडीच किंचित गरम करून अर्धवट ठेचावी. काही दाणे अख्खे राहू द्यावेत, ते मधेच दाताखाली आले की बरं वाटतं. बारीक हिरवी लखनवी बडीशेप गोड असते, तिच्याऐवजी मसाल्याची जाड बडीशेप घ्यावी.

मिठाचं प्रमाण इथं चवीपुरतं नाही. मांसाच्या वजनाच्या दीड-पावणेदोन टक्के मीठ मिळालं, की स्नायूंमधलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळून बाहेर येतं आणि चिकट होतं. खिमा हातानं दोन-तीन मिनिटं चोळत गेलं की हा बदल दिसतो. सुरुवातीला सुटे सुटे असलेले कण एकमेकांना धरू लागतात, भांड्याची कड स्वच्छ सुटते, बोटं ओढली की मधे बारीक तंतू ताणले जातात. थोडा खिमा तळहातावर दाबून हात उपडा करावा. तो पडला नाही तर झालं. हे प्रथिन पुढं तापल्यावर घट्ट होतं आणि पाणी व चरबी धरून ठेवतं, म्हणून सुपात वीस-पंचवीस मिनिटं राहूनही मांसाचे गोळे रसरशीत राहतात. साध्या खिम्यासारखे कोरडे, वाळूसारखे होत नाहीत. हे सगळं खिमा थंडगार असतानाच उरकायचं. डुकराची चरबी हाताच्या उबेनंही मऊ पडते आणि मांसाला माखून बसते. मग प्रथिनाला प्रथिन भेटत नाही. चोळलेला खिमा झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर लसूण आणि बडीशेप आतपर्यंत उतरते. घाई असेल तर तासभरही चालतो.

डुकराचं मांस अनेक घरांत चालत नाही. कोंबडी घ्यायची तर मांडीचा खिमा करून घ्यावा, छातीचा नको, आणि त्यात दोन मोठे चमचे तेल चोळावं. मटणाच्या खिम्याची अडचण निराळी आहे. बोकडाच्या आणि मेंढीच्या चरबीत संपृक्त मेदाम्लं जास्त असतात. ती उशिरा वितळते आणि लवकर गोठते. सूप जरा निवलं की ओठांना आणि वाडग्याच्या कडेला थर धरते. म्हणून मटणाचा खिमा चरबी काढूनच घ्यावा आणि स्निग्धपणासाठी ऑलिव्ह तेल किंवा आपलं शेंगदाण्याचं तेल वापरावं. तीळतेल नको, त्याचा स्वतःचा वास फार.

कडधान्य आदल्या रात्रीच भिजत घालायला हवं. आजच्या इटालियन घरांत पांढरे कानेल्लिनी किंवा ठिपक्यांचे बोर्लोत्ती वापरतात. ही दोन्ही राजम्याच्या कुळातली आणि मूळची अमेरिका खंडातली. युरोपात ती सोळाव्या शतकात पोचली, टोमॅटोही त्याच सुमाराचा. त्याआधी इटलीत जी शिजत होती ती चवळी. रोमच्या कोलोन्ना कलादालनात आन्नीबाले कार्राच्ची या चित्रकाराचं १५८०च्या दशकातलं एक चित्र आहे. मळकट हॅट घातलेला एक कष्टकरी माणूस वाडग्यातून चमचा उचलतो आहे, तोंड उघडं, चमच्यातून रस ठिबकतो आहे, शेजारी पाव आणि कांद्याची पात. वाडग्यात आहे ती चवळीच, काळ्या डोळ्याची. म्हणून राजमा घरात नसला तर चवळी घालताना मन खाऊ नये. इटलीत ती राजम्याहून जुनी आहे. साताऱ्याकडच्या वाचकांना तर आणखी चांगला पर्याय हाताशी आहे. कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, भौगोलिक मानांकन मिळालेला, गुलाबी अंगावर तांबडे पट्टे असलेला, हा बोर्लोत्तीचा थेट भाऊबंद. दोघांची वनस्पती एकच. शिजल्यावर दोघांचेही पट्टे जातात आणि दोघांचाही रस दाट, मातकट गोड उतरतो.

दीडशे ग्रॅम कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून कुकरमध्ये मऊ शिजवून घ्यावं. ते सुपातच टोमॅटोबरोबर शिजवायचा मोह टाळावा. टोमॅटोच्या आंबटपणात कडधान्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही आणि दाणे तासन् तास टणक राहतात. आणखी एक, राजम्याच्या कुळातल्या कुठल्याही दाण्याला किमान दहा मिनिटं खळखळून उकळी मिळालीच पाहिजे. कच्चट राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं आणि ते मंद आचेवर नष्ट होत नाही. कुकरमध्ये हा प्रश्नच येत नाही. शिजल्यावरचं पाणी फेकू नये, ते सुपात जाणार आहे. चवळीचं जरा उग्र वाटलं तर अर्धंच घ्यावं.

आता चूल पेटवू. जाड बुडाचं, रुंद भांडं. चमचाभर तेल चांगलं तापलं की खिम्याचे बोराएवढे गोळे तोडून तळभर पसरून टाकायचे आणि मग तीन-चार मिनिटं हात मागे घ्यायचा. ढवळायचं नाही. या टप्प्यावर डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात. खिमा पडल्या पडल्या पाणी सोडतो आणि भांड्यातून ओला, बुडबुडता आवाज येतो. पाणी आहे तोवर तळाचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतं आणि मांस नुसतं वाफवलं जातं, पांढरट दिसतं. थोड्या वेळानं आवाज बारीक, कोरडा, चुरचुरता होतो. पाणी संपलं, चरबी सुटली. आता तापमान चढतं आणि १४० अंशांच्या पुढं प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि शर्करा यांची ती प्रक्रिया वेगानं सुरू होते, जिचं वर्णन लुई कामीय माय्यार या फ्रेंच वैद्यानं १९१२ मध्ये केलं. पोळीवरचा डाग, भाजलेली कॉफी, पावाची साल, सगळी तिचीच लेकरं. गोळ्यांची खालची बाजू तपकिरी झाली की उलटावेत, दुसरी बाजू करून घ्यावी आणि झाऱ्यानं काढून बाजूला ठेवावेत. भांडं लहान असेल तर खिमा दोन वेळा परतावा. गर्दी केली तर पाणी उडायला जागा मिळत नाही, आणि मग तो तपकिरी रंग काही केल्या येत नाही.

गोळे काढल्यावर भांड्यात जी लालसर चरबी उरते, ते या सुपाचं भांडवल. बडीशेपेचा वास ज्या अ‍ॅनेथोलचा आहे आणि मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनचा आहे, ती दोन्ही पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत सहज विरघळतात. लसणीच्या वासाचंही बरंचसं तसंच. म्हणजे खिमा परतताना नकळत फोडणी झालेली आहे, आणि पुढं जे जे त्या चरबीत पडेल त्याला ती लागणार आहे. डुकराचा खिमा असेल तर दोन-अडीच मोठे चमचे चरबी ठेवून बाकीची काढून घ्यावी.

त्यात एक मोठा कांदा, एक गाजर आणि मिळाली तर सेलरीची एक काडी, सगळं अगदी बारीक चिरून घालायचं. इटालियन स्वयंपाकातला हा पाया. चिमूटभर मीठ टाकलं की भाज्या पाणी सोडतात आणि तळाला धरलेली तपकिरी खरपुडी त्या पाण्यात सुटू लागते. लाकडी उलथन्यानं ती खरवडून मिसळत राहावी. खरपुडी धुऊन टाकणं म्हणजे सुपाचा अर्क मोरीत ओतणं. इथं दहा मिनिटं द्यावीत, आच मध्यमहून कमी. कांद्याला आपल्या रश्श्यासारखा गडद रंग नको आहे. तो पारदर्शक आणि गोड व्हायला हवा, गाजर बोटानं दाबलं तर दबलं पाहिजे. सेलरी नसेल तर कोथिंबिरीचे कोवळे देठ चालतात, चव थोडी बदलते एवढंच.

मग चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या, लगेच एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, आणि ती तळावर पसरून रंग विटेसारखा होईपर्यंत परतायची. त्यावर चार पिकलेले टोमॅटो किसून किंवा बारीक चिरून. तेल सुटेपर्यंत परतणं हे मराठी स्वयंपाकघराला शिकवायला नको. टोमॅटोतला बियांभोवतीचा गर मात्र टाकू नये. गराच्या त्या भागात ग्लुटामेट बाहेरच्या मांसल भागापेक्षा जास्त असतं, आणि ग्लुटामेटशिवाय हे सूप उभं राहत नाही.

ते का, हे इथं थांबून पाहण्यासारखं आहे, कारण साठ ग्रॅम मांस एवढं मोठं कसं वाटतं याचं उत्तर त्यात आहे. टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची एक चव आहे असं सांगितलं. उमामी ती हीच. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात दुसरा एक पदार्थ सापडला, इनोसिनेट. हा मांसात आणि मासळीत भरपूर असतो. पुढं अकिरा कुनिनाका यांच्या लक्षात आलं, की ही दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरजेनं वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट आहे, सॉसेजमध्ये इनोसिनेट. दक्षिण इटलीतल्या बायांना यांतलं एकही नाव ठाऊक नव्हतं. पण थोडं मांस, पुष्कळ टोमॅटो आणि चीजची साल यांनी मोठं कुटुंब तृप्त होतं, हे त्यांना पक्कं कळलेलं होतं.

चीजची साल म्हणजे पार्मेजान चीजच्या चाकाची बाहेरची कड. तिला मेण लावलेलं नसतं. किमान बारा महिने मुरताना चीजच बाहेरून सुकून तसं टणक होतं. किसून झाल्यावर उरलेला तो तुकडा इटलीत फेकत नाहीत, सुपात टाकतात. अर्ध्या तासात तो मऊ पडतो, चव सोडतो, मग काढून टाकायचा किंवा चावून खायचा. आपल्याकडे हे चीज महाग आहे. ते आणलंच तर साल जपून फ्रीजरमध्ये ठेवावी. नसेल तर राहू दे. प्रक्रिया केलेल्या चीजचा चौकोन मात्र त्याच्या जागी घालू नये, सूप गुळगुळीत आणि दुधट होतं.

आता दीड लिटर गरम स्टॉक. कोंबडीची हाडं, पाय आणि माना दोन-तीन तास मंद आचेवर ठेवून काढलेला स्टॉक असेल तर उत्तम; हाडांतल्या आणि कातडीतल्या कोलॅजेनचं जिलेटिन झालेलं असतं, आणि सुपाला जो अंगचा भारदस्तपणा येतो तो त्याच्यामुळे. नाहीतर कडधान्याचं पाणी आणि साधं पाणी. मीठ-मसाल्याचे स्टॉक क्यूब्स टाळलेले बरे, कारण सॉसेजमध्ये मीठ आहेच. उकळी आली की शिजलेलं कडधान्य घालावं, त्यातलं पळीभर वाटीत घेऊन ठेचून घालावं, बाजूला ठेवलेले खिम्याचे गोळे सोडावेत आणि वीस मिनिटं मंद उकळू द्यावं. खिम्याच्या मांसाचा मध्य किमान ७१ अंशांपर्यंत, कोंबडीचा असेल तर ७४ अंशांपर्यंत तापायला हवा. वीस मिनिटांच्या उकळीत तो केव्हाच तापून जातो.

आता पास्ता. नॉर्मंडीहून येऊन सिसिलीवर राज्य करणाऱ्या घराण्यातला राजा रॉजर दुसरा, त्याच्या पदरी असलेला भूगोलतज्ज्ञ अल-इद्रीसी ११५४ मध्ये लिहितो, की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी वाळवलेला पास्ता इतका बनतो, की तो जहाजं भरभरून मुसलमान आणि ख्रिस्ती मुलखांत जातो. मार्को पोलोनं चीनहून पास्ता आणला ही गोष्ट यापुढं टिकत नाही; तो परतला १२९५ मध्ये. हा वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा. इटलीत १९६७ पासून तर सुक्या पास्त्यासाठी ड्युरमचीच कायद्यानं सक्ती आहे. आपला बन्सी गहूही ड्युरमच. त्याच्या रव्याचा उपमा कसा मोकळा, दाणेदार होतो हे ज्यांनी खाल्लं आहे त्यांना या गव्हाचं महत्त्व पटेल. त्याच्या प्रथिनांचं जाळं घट्ट असतं आणि स्टार्चचे कण त्यात कोंडलेले असतात. म्हणून पास्ता उकळत्या पाण्यात फुगतो पण फुटत नाही. मैद्याच्या पास्त्यात ते जाळं कमकुवत; सुपात दहा मिनिटांत त्याची लापशी होते. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं आहे का, एवढं बघून घ्यावं.

आकार लहान हवा, चमच्यात कडधान्याच्या दाण्याबरोबर बसेल असा. इटलीत दितालिनी म्हणजे आखूड नळ्या घालतात, नाहीतर बारीक शंख. पेन्ने आणि लांब स्पॅगेटी इथं नको, मात्र स्पॅगेटी रुमालात गुंडाळून बोटाच्या पेराएवढी मोडली तर चालते. नेपल्समध्ये तर दुकानदार खोक्यांच्या तळाला उरलेला तुटका पास्ता, सगळे आकार एकत्र करून, स्वस्तात विकत. कडधान्याच्या आणि बटाट्याच्या सुपासाठी गरीब घरं तो नेत. तुकडे लहानमोठे, त्यामुळे काही मऊ, काही टचटचीत, आणि एका चमच्यात दोन्ही. लोकांना ते इतकं आवडलं की आता तिथले कारखाने मुद्दाम मिसळ-पास्ता बनवून विकतात.

पास्ता सुपातच शिजवायचा की वेगळा, यावर दोन पक्ष आहेत. सुपात शिजवला तर त्यातला थोडा स्टार्च बाहेर येतो आणि सूप दाट होतं. शिवाय हा स्टार्च चरबीच्या थेंबांना एकत्र येऊ देत नाही, त्यामुळे वर तवंग आणि खाली पाणी असं न होता सगळं छान मिळून येतं. त्याच वेळी पास्ताही रस पितो आणि आतून चविष्ट होतो. वेगळा शिजवलेला पास्ता यांतलं काही करत नाही. त्याच दिवशी सगळं संपणार असेल तर सुपातच शिजवावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाच जणांना १५० ग्रॅम पुरे. भांड्यात घालताना कमी वाटेल, तरी वाढवू नये. पाकिटावर नऊ मिनिटं लिहिली असतील तर सातव्या मिनिटाला, मधे किंचित कणी असताना, आच बंद करावी. उरलेलं शिजणं वाढेपर्यंत गरम सुपात होतं. आच बंद करायच्या मिनिटभर आधी दोन मुठी चिरलेला पालक, चवळई किंवा मुळ्याचा कोवळा पाला. शेवटी मीठ चाखायचं, मिरी, वरून कच्चं ऑलिव्ह तेल आणि असेल तर किसलेलं चीज.

उद्यासाठी उरवायचं असेल तर हिशेब बदलतो. शिजलेला पास्ता सुपात रात्रभर राहिला की मिळेल तेवढं पाणी पितो. सकाळी भांड्यात सूप नसतं, फुगलेल्या पास्त्याची खिचडी असते. तेव्हा पास्ता घालण्याआधीच सूप बाजूला काढावं आणि खाताना लागेल तेवढाच पास्ता त्यात शिजवावा. काढलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं भांडं तसंच झाकून ओट्यावर ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि स्टार्चच्या पदार्थांवर पोसणाऱ्या बॅसिलस सेरियससारख्या जिवाणूंना तेच हवं असतं. त्याचे बीजाणू उकळीतही तग धरतात. उथळ डब्यांत ओतून, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवून सूप निववावं. फ्रिजमध्ये ते तीन दिवस टिकतं, फ्रीजरमध्ये दोन महिने सहज.

गोव्यातल्या वाचकांनी आणि गोव्याहून दर खेपेला चोरीसची माळ आणणाऱ्यांनी हेच सूप त्या चोरीसचं करायला हरकत नाही, पण वरची कृती तशीच्या तशी लावू नये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टांगलेल्या त्या लालभडक माळा म्हणजे कच्चा खिमा नव्हे. मांसाच्या आणि चरबीच्या फोडी मीठ, माडाचं व्हिनेगर, सुक्या मिरच्या, लसूण, आलं, मिरी, लवंग, दालचिनी यांत मुरवून, आतड्यात भरून, उन्हात वाळवलेल्या असतात. पावसाळ्यात ताजी मासळी मिळत नाही तेव्हाची ती बेगमी. मसाला म्हणून मांस वापरायची रीत गोव्यात मुरलेली आहेच. पुलावात चार मणी पडतात आणि सगळा भात लाल होतो. पोर्तुगीज वळणाच्या फेजुआदमध्ये चोरीस आणि कडधान्य एकत्रच शिजतात, म्हणजे अर्धं सूप तिथं आधीच तयार आहे.

चोरीसचं सूप करताना खरपूस परतायचं नाही, कारण वाळलेल्या मांसात आता उडवायला पाणी उरलेलं नाही आणि मिरची जळून कडू होते. शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरे. आवरण काढून फोडी मोकळ्या कराव्यात, भांड्यात वाटीभर पाणी आणि उभा चिरलेला कांदा घालून त्यात त्या मंद आचेवर शिजू द्याव्यात. पाणी आटत येतं तसतशी लाल चरबी सुटते आणि कांदा तिच्यातच परतला जातो. बडीशेप नको; लसूण आणि मिरचीही नको, ती आत आहेतच. टोमॅटो एकच, तोही पूर्ण पिकलेला, कारण व्हिनेगरचा आंबटपणा पुरेसा असतो. कडधान्य म्हणून गोव्याचे अळसांदे घालावेत, चवळीच्याच जातीचे पण दाण्यानं मोठे, आणि सोबत एक बटाटा मोठ्या फोडी करून. त्यानं आंबटपणा आणि खारटपणा दोन्ही जरा सौम्य लागतात. स्टॉकऐवजी साधं पाणी वापरावं. मीठ सुरुवातीला अजिबात घालू नये. पास्ता शिजून आच बंद झाल्यावर चाखून बघावं. बहुधा ते लागतच नाही.